नथूआबांचा गुडघा

"आबा, हे गुडघ्याचं नाही," मेडिकलवाला समर्थ म्हणाला. "हे बायकांचं औषध आहे."

काउंटरवर चपटी झालेली पांढरी ट्यूब पडली होती. तिच्यासारखी नवी घ्यायला परंदवडीचे नथूआबा जातीनं सोमाटण्याला आले होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण बायकोचं, कस्तुराबाईंचं, औषध आणायला ते आज पहिल्यांदाच निघाले होते. तेही स्वतःच्या गुडघ्यासाठी.

"बायकांच्या गुडघ्याचं?" आबांनी विचारलं.

"गुडघ्याचं नाहीच. हार्मोनचं जेल आहे. पाळी गेली की बायकांच्या अंगात जे कमी पडतं, ते ह्यानं भरून काढतात. दंडाला लावायचं असतं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही मी. तुम्ही लावलं की काय?"

"मी कशाला लावतोय?" आबा म्हणाले, आणि आठ दिवस चोळून चोळून गुळगुळीत केलेला गुडघा घेऊन पायऱ्या उतरले.

चूक तशी सरळ होती. कस्तुराबाई रोज आंघोळ झाली की दंडाला काहीतरी चोळतात, हे आबांनी पाहिलं होतं. चोळतात त्याअर्थी दंड दुखत असणार, आणि दंडाला चालतं ते गुडघ्याला का चालू नये? दंडाला काय झालंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. ट्यूब घेताना तर विचारायचा प्रश्नच नव्हता. घरातलीच वस्तू.

आता रविवार पाच दिवसांवर आला होता. रविवारी घाटाच्या धावपट्टीवर बैलगाड्यांची शर्यत होती आणि माइक आबांच्या हातात असणार होता. आबांची 'भिर्रर्र' उठली की बैलांच्या आधी माणसंच पळत सुटतात, असं सगळ्या मावळात म्हटलं जाई. निदान आबा तरी तसं म्हणत. जमीन भावाभावांत वाटली गेली होती, गुडघा गेला होता. आवाज तेवढा अजून एकट्याच्या मालकीचा होता. तोच बायकी झाला तर?

पहिल्या दिवशी आबांनी दार लावून आरशात छाती पाहिली. समोरून पाहिली, तिरकी पाहिली. बनियन घट्ट वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं एकदमच सुरू झालं. झोप उडाली. पंख्याखाली बसले तरी मानेवरून घामाच्या धारा. छातीत धडधड. कालवणात मीठ कमी पडलं म्हणून ते सुनेवर, राजेश्वरीवर, खेकसले. आणि मग खेकसलो म्हणून त्यांचे डोळे भरून आले. आबांच्या घराण्यात पुरुषांनी डोळे भरून आणल्याची नोंद नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गोठ्यामागे गेले. इकडेतिकडे पाहिलं, पोटात वारा भरला आणि सोडला.

"झाली झाली झाली... भिर्रर्र!"

बैलांनी रवंथ थांबवला नाही. एकानं फक्त कान हलवला, तोही माशीसाठी. एवढ्यात सूप हातात घेऊन कस्तुराबाई धावत आल्या.

"अवो, हितं कोन बाई वरडली?"

आबा पेंढ्यावर बसले आणि ट्यूबपासून बनियनपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले.

कस्तुराबाईंनी सूप खाली ठेवलं. "तरीच म्हनलं, ट्यूब येवड्यात सपली कशी!"

"तुला ट्यूबचं पडलंय? हितं मान्सातनं उठायची येळ आली माजी!"

"कुटं उठताय? डॉक्टरीणबाईंनी मला आदीच सांगितलंय. दुसऱ्याच्या अंगाला लागलं तर लावनं बंद करायचं. आट दिसांत कुनाचा आवाज जात न्हाई. तरीबी उद्या जाऊ तळेगावला, दाखवू त्यांना."

"मंग ह्यो घाम? ही धडधड?"

"भ्यालाय तुमी."

"भ्यानं आसं हुतं व्हय? आतनं जाळ उटल्यागत वाटतं. झोपंचा पत्ता न्हाई. कुनी बोललं की टाळकं फिरतं, आन् मंग..."

"मंग उगंच रडू येतं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आन् का रडतीस म्हनून कुनी इचारलं, तर सांगता येत न्हाई."

आबांनी मान वर केली. "तुला कसं ठावं?"

"सा वर्सं झाली की."

"सा वर्सं! मला तीन दिस न्हाई निभलं. आन् तू मला एका शबुदानं बोलली न्हाईस?"

कस्तुराबाई घरात गेल्या. आत डब्याचं झाकण वाजलं. त्या परत आल्या, आबांचा हात धरून तळवा उताणा केला आणि त्यावर चिमूटभर ओवा ठेवला.

"बोलले व्हते. तवा तुमी मला ह्यो दिला व्हता."