मित्रकिड्यांची खेप

करोनाचे दिवस होते, म्हणून आम्रपाली साहेबांच्या केबिनच्या दारातूनच बोलली. “सर, पिकावरची कीड खाणाऱ्या आपल्या मित्रकिड्यांमध्ये विषाणू सापडलाय. ही खेप खडकवासल्याकडच्या शेतांत सोडली, तर तिथल्या चांगल्या किड्यांनाही लागण होईल.”

“अहो मॅडम, चांगले टुणटुणीत दिसतायत की! उडतायत, खातायत. कसले रिपोर्ट घेऊन बसलात? गाडी भरायला सांगा.”

आम्रपालीने केबिनच्या दारावरची साहेबांचीच पाटी उचकटली आणि तरातरा खाली जाऊन, भरायला उभ्या असलेल्या गाडीच्या दाराला टांगली:

“टुणटुणीत दिसत असलात, तरी निगेटिव्ह रिपोर्टशिवाय आत शिरू नये. तोंड बघून विषाणू कळत नाही.”