रफूचा अर्थ

खणकन कात्री पडली आणि मांडीवर डोकं ठेवून झोपलेली लेक जागी झाली. तिला थोपटत मी बाबांना आम्ही तयार करत असलेल्या शब्दकोशातली नवी नोंद वाचून दाखवली, "रफू. फारसी शब्द, उर्दूतही तोच. अर्थ, फाटलेलं शिवणं."

चाळीस वर्षं रफूगार असलेल्या बाबांनी शालीवरून मान वर केली. "काहीतरीच काय! शिवतो तो शिंपी. आम्ही त्याच कापडाचा धागा काढून भोक पुन्हा विणतो. ज्याची शाल त्यालाही जागा सापडता कामा नये. लिही तसं!"

लिहिलं. खाली माहिती देणारे म्हणून त्यांचं नावही घातलं. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

लेकीनं शाल उलटसुलट करून पाहिली. "आई, दिसतच नाही, तर आजोबांनी केलंय हे लोकांना कळतं कसं?"