हिरवी चिंधी

परदेशात राहायला आल्यापासून कुठेही फिरायला निघताना नवरा बॅगेला आईच्या जुन्या साडीची हिरवी चिंधी बांधायचा. "बॅग आहे की नवसाचं झाड?" म्हणत ती पोट धरून हसायची. आज मात्र विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर सगळ्या काळ्या बॅगा सारख्याच, आणि चिंधी कुठेच नाही. "नीट बांधायची तरी!" "दोन गाठी मारल्या होत्या मी!" दोघांची जुंपली. भांडता भांडता तिने मागे पाहिलं, तर चार वर्षांची लेक गायब. हाका मारत दोघं सैरावैरा धावली. लेक खांबाआड निवांत बसून बिस्कीट खात होती. "अगं कार्टे, जीव गेला असता आमचा!" लेकीने हात दाखवला. मनगटाला हिरवी चिंधी गुंडाळलेली. "घरीच बॅगेची सोडून घेतली मी. बाबा म्हणतात, ही बांधली की काहीच हरवत नाही." तिने डोळे पुसत लेकीच्या मनगटावरच्या चिंधीला दोन गाठी मारल्या.