आईंचं नाक

यंदा दिवाळीत हसायला एकच विषय होता, प्रणोतीच्या सासूबाईंचं नाक. गेल्या महिन्यातल्या सर्दीनंतर त्यांना वासच येईनासा झाला होता. लाडवांचं बेसन इतकं करपलं की शेजारच्या भाभी धावत आल्या, आणि या कढईपाशी निवांत ढवळत बसलेल्या! नरकचतुर्दशीला तर त्यांनी तेल समजून रंगकामातलं उरलेलं टर्पेंटाइन लेकाच्या डोक्यावर चोळलं. सांगताना सगळ्यांत जास्त त्याच हसायच्या.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सदर बाजारातून परतताना प्रणोती ऑटोत नणंदेला तोच किस्सा रंगवून सांगत होती. हसता हसताच तिनं घरी फोन लावला.

"आई, पोहोचतोच आम्ही. चहा टाका."

"चहाच करून राहिली मी. गॅस केव्हाचा सुरू केला, पण हा मेला लायटर काहून पेटत नाही, कोण जाणे!"

प्रणोतीचं हसू ओठांवरच विरलं. "आई, गॅस बंद करा! आधी बाहेर या!"

नणंद अजून टर्पेंटाइनवरच हसत होती.

"काय म्हणते गं? या फटाक्यांत काही ऐकूच नाही येऊन राहिलं. थांब, सापडली देवघरातली काडेपेटी."