एका पानापुरती कात्री

"हितं 'नको' म्हणून लिवा आनि सही करा, आक्का. पार्सल आल्या वाटनं परत जातंय," आण्णाप्पा म्हणाला.

बायडाबाईनं कागद खिडकीतून परत आत सरकवला. वय सहासष्ट, उंची बेताची, पण हट्टाला काही माप नव्हतं.

"नको कशाला लिवू? मीच मागवलंय."

पार्सल जर्मनीहून निपाणीच्या पोस्टात आलं होतं. आत एक कात्री होती. समतानं, म्हणजे नातीनं, फोनवरून मागवून दिलेली. बावीसशे रुपये आधीच भरून झाले होते. आता कस्टमची ड्युटी आणि पोस्टाची फी मिळून आणखी एक हजार चौसष्ट भरायचे होते. मुदतीचा आज शेवटचा दिवस. चारला खिडकी बंद झाली की पार्सल परतीच्या थैलीत जाणार होतं.

आण्णाप्पा माणूस वाईट नव्हता. त्याला म्हातारीची दया आली होती, आणि दया आलेला कारकून नियम दाखवणाऱ्यापेक्षा जास्त वेळ खातो.

"बाजारात शंभर रुपयाला कात्री मिळती की ओ. ह्यात कस्टमचंच पैसे लई हाईत."

"कष्टमचं न्हवं? मग घे की." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि विडी कामगारांच्या पेन्शनीतल्या नोटा फळीवर ठेवल्या. "हे बी कष्टाचंच हाईत."

समतानं तिला तो शब्द दोनदा नीट सांगितला होता. तिनं तो 'कष्टम' असाच ऐकला, आणि तिला तो पटलाही. कष्टाच्या हत्यारावर कष्टम लागणारच.

आण्णाप्पानं शेवटचा उपाय म्हणून भीमरत्नला फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकर चालू केला. भीमरत्न म्हणजे बायडाबाईचा मुलगा, आण्णाप्पाचा शाळूसोबती, आता बेळगावात बँकेत मॅनेजर.

"आई, काय चालवलंयस हे? परत विड्या वळायच्यात काय तुला?"

चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या होत्या. त्यावरच तो शिकला. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यानं तिची कात्री भंगारवाल्याच्या तराजूत टाकली आणि सांगितलं, या घरात आता तंबाखूचा वास यायचा नाही. त्याला आईची लाज कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती त्या दिवसांची, तिच्या खोकल्याची.

"विड्या न्हाय वळत रं. एकच पान कापायचं हाय."

"एका पानासाठी तीन हजार?"

"व्हय."

"आण्णाप्पा, देऊ नको तिला."

आण्णाप्पानं डोकं खाजवलं. "पार्सल आक्काच्या नावचं हाय, भीमा. मला न्हाय म्हणता येत न्हाय."

पलीकडून फोन कट झाला. आण्णाप्पानं पावती फाडली आणि सहीसाठी पेन पुढं केलं. बायडाबाईनं ते डाव्या हातानं धरलं आणि एकेक अक्षर सावकाश काढलं.

"तुम्ही डावऱ्या व्हय, आक्का?"

"म्हणून तर ही कात्री. डाव्या हाताची. हिकडं मिळत्यात त्या साळंतल्या पोरांच्या, कागद कापायच्या. पानाला दणकट लागती."

तिनं तिथंच बाकावर बसून खोकं फोडलं. कात्री जड होती आणि आरशात पाहिल्यासारखी उलटी. मग तिनं ओल्या फडक्याची गुंडाळी उलगडली. आत विडीचं, टेंभुर्णीचं एक पान होतं आणि पानाच्या मापाचा पत्र्याचा तुकडा, दोन्ही शेजारणीकडून मागून आणलेली.

चाळीस वर्षं तिची पानं तिरकी कापली जायची. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकायची आणि कापायची कड पात्याआड जायची. विडी वाकडी व्हायची. कारखान्याचा गुमास्ता दर आठवड्याला तिच्या विड्यांतून छाट काढायचा, म्हणजे वाकड्या म्हणून बाजूला टाकायचा. मजुरी कापायचा, विड्या मात्र ठेवून घ्यायचा. "ह्या बाईचा हातच वाकडा," असं तो साऱ्या बायकांदेखत म्हणायचा. तिनं उजव्या हातानंही करून पाहिलं, पण हात चालेना. शेवटी तिलाही ते खरंच वाटू लागलं. डाव्या हाताची कात्री असते, हे समतानं सांगेपर्यंत तिच्या गावीही नव्हतं.

तिनं पानावर पत्रा ठेवला. कात्री चालवली. चारही बाजू. तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

"पट्टी दे बगू."

आण्णाप्पानं खिडकीतून पट्टी दिली, मग स्वतःच बाहेर येऊन कडेला लावून पाहिली. पट्टी आणि पान यांच्यात कुठंच फट नव्हती.

बायडाबाई बराच वेळ त्या पानाकडं बघत बसली. तिला आनंद झालेला दिसत नव्हता. आण्णाप्पाला त्याचं नवल वाटलं.

"भीमाला लाव परत," ती म्हणाली.

"झालं समाधान?" भीमरत्नचा राग अजून उतरला नव्हता.

"झालं. पान सरळ कापलं. माजा हात वाकडा न्हवता रं, कात्रीच दुसऱ्या हाताची हुती." तिनं पान फडक्यात ठेवलं. "तू तीन वर्साचा हुतास. समदं डाव्या हातानं करायचास. माज्यासारखं तुजं हाल हू नयेत म्हणून वरीसभर तुजा त्यो हात मी फडक्यानं बांधून ठिवलता. उगंच बांधला, लेकरा."