चढाच्या पायथ्याशी

चढाच्या पायथ्याशी बस थांबली. कंडक्टरने दार उघडलं आणि ओरडला, "चला, शेवटचा स्टॉप!"

कुणी उठलं नाही.

ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा हाक दिली. शिंपीणबाईंनी कापडाची पिशवी मांडीवर नीट घेतली. वेल्डिंग करणारा तरुण, ज्याला सगळे ठिणगी म्हणत, खिडकीबाहेर बघत राहिला.

"अहो, उतरा ना. गाडी आता इथूनच परत फिरते, ठाऊक आहे तुम्हाला."

"ठाऊक आहे म्हणूनच बसलोय," पुढच्या बाकावरून मावशी म्हणाल्या. त्या दवाखान्यात आयाचं काम करत. "तुझ्यावर राग नाही रे बाबा. पण गाडी पूर्वी वर वस्तीपर्यंत जायची, तशी जाऊ दे. नाहीतर आम्ही इथेच."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"का जाईल? तू उतरा म्हणालास, आम्ही उतरलो नाही. तुझं काम तू केलंस."

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि लख्ख असलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला. कपाळावर हात मारून कंडक्टर खाली उतरला आणि डेपोत फोन लावू लागला.

तेवढ्यात दाराजवळच्या बाकावरचे आजोबा दांडा धरून उभे राहिले. ते एक दिवसाआड डायलिसिसला जात. आजही मशीनवरून सुटून थेट बसमध्ये बसले होते. हाताला पट्टी, चेहऱ्यावर रक्त नाही. त्यांचं कोपर धरून आजीही उठली.

"कुठे निघालात?" मावशींनी विचारलं.

"जातो हळूहळू चालत. माझ्या एकट्यापायी तुम्ही सगळे कशाला ताटकळताय? पोरंबाळं वाट बघत असतील."

मागच्या खेपेला याच चढावर ते मधेच मटकन खाली बसले होते. ठिणगीने त्यांना पाठुंगळी घेऊन घरी पोचवलं होतं. त्यानंतर वस्तीत ना सभा झाली, ना कुणी भाषण केलं. मावशी दारोदार जाऊन एवढंच सांगून आल्या, "पुढच्या वेळी उतरायचं नाही." आजी-आजोबांना मात्र मुद्दामच कुणी काही सांगितलं नव्हतं.

"तुमच्या एकट्यासाठी कोण बसलंय?" शिंपीणबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना विचारा."

"आणि आजोबा, तुम्ही निघालात की मलाही निघावं लागणार," ठिणगी म्हणाला. "तुमची गाडी मीच ना!"

आजोबा ओशाळले. "काय करू रे, माझ्याच्याने आता कुणाचं काही काम होत नाही."

"आज होतंय की," मावशी म्हणाल्या. "आज नुसतं बसायचंच काम आहे. बसा."

बसभर हसू पसरलं. आजोबाही हसले आणि बसले. पण आता ताठ बसले, कामावर रुजू झाल्यासारखे.

डेपोचे साहेब आले ते घामाघूम होऊन आणि चिडून. पायरीवर उभं राहूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. वळण अवघड आहे, डिझेल जळतं, वर जाईपर्यंत निम्मी गाडी रिकामी असते. कुणी आवाज चढवला नाही. ठिणगीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण मावशींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि ठिणगी विझली.

"पोलिसांना बोलवावं लागेल मला," साहेब म्हणाले.

"बोलवा साहेब," मावशी म्हणाल्या. "पण त्याआधी एकदा वर चला. पायी या म्हणत नाही, बसून या. वर पोचल्यावर तुम्ही म्हणाल ते ऐकून घेऊ."

आजी उठून मावशींच्या शेजारी जाऊन बसली. आजोबा खिडकीकडे सरकले आणि रिकाम्या जागेवर त्यांनी हात फिरवला. सगळी बस साहेबांकडे बघत होती. साहेब आजोबांशेजारी बाकाच्या कडेवर टेकले. "फक्त बघून यायचं," ते म्हणाले.

ड्रायव्हरने दुसऱ्या हुकमाची वाट पाहिली नाही.

चढ संपता संपेना. कुठे झाड नाही, टेकायला कट्टा नाही. एक बाई डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल घेऊन चढत होती. कंडक्टरने न विचारता गाडी थांबवून तिला आत घेतलं.

वळणावर बस कलली, तशी सगळी माणसं कलली. आजोबांचं डोकं साहेबांच्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं. जमेल तितका वेळ ते ताठ बसले होते. आता त्यांना गाढ झोप लागली होती.

साहेब अवघडले. त्यांनी आजोबांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. पट्टीवर रक्ताचा लहानसा डाग होता. खिशातला फोन वाजू लागला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपून बंद केला.

वस्ती आली. आजी लगबगीने नवऱ्याला उठवायला आली.

"असू द्या," साहेब हळूच म्हणाले. मग त्यांनी आजीला विचारलं, "पुन्हा कधी जायचं यांना?"

"परवा."

"आणि माझी उद्या सकाळची पाळी आहे," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी खांदा न हलवता कंडक्टरकडे पाहिलं. "ऐकलंस ना?"

"ऐकलं साहेब. उद्यापासून."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निजलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर पडावं, तशी माणसं एकेक करून, चपला न वाजवता, खाली उतरली.