आधी बसून घ्या

पडद्यावर बर्फ पडत होता आणि एक माणूस गोठलेल्या तळ्याच्या काठाशी नुसता उभा होता. बराच वेळ उभा होता.

"आई, यात काही घडतं तरी का?" मुलीने विचारलं. दुपारची भांडी आवरून ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकली होती.

"घडतं, पण सावकाश. म्हणून तर ते बघतात."

ते म्हणजे मुलीचे वडील. त्यांची सारी नोकरी खुनांच्या तपासात गेली होती, आणि आता त्यांना स्वतःच्या घरात न्हाणीघराचं दार सापडत नव्हतं. गोळीबाराचे, पाठलागाचे सिनेमे लावले की ते उठून निघून जात. हे स्कँडिनेव्हियन सिनेमे मात्र हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे सरसावून बघत. भाषा येत नव्हती. खाली उमटणाऱ्या ओळी वाचून व्हायच्या आत पुसल्या जात. पण त्यातला तपास अधिकारी त्यांच्या ओळखीचा असावा. तो धावत नसे, ओरडत नसे. गारठलेल्या गाडीत बसून राही, उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकी, मेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा पुन्हा काढून बघे. एका माणसाच्या मरणाला तिथे अख्खा सिनेमा मिळे. तो चालू असेपर्यंत ते 'मला घरी सोडा' म्हणत नसत.

"दिवसाढवळ्या प्रेतं काय दाखवतेस त्यांना," मुलगी म्हणाली. "दुसरं काहीतरी लाव. प्राण्यांचं वगैरे."

"लावलं होतं. वाघाने हरिण मारलं, तर म्हणाले, पंचनामा कोण करतंय?"

मुलगी हसली. आईही हसली, थोडीशी.

पडद्यावर तळ्यातून एका पोरीला बाहेर काढलं. मनगटांवर दोरीचे वळ होते, नखं तुटलेली होती. आईने तोंड फिरवलं. त्यांनी नाही फिरवलं. ते दृश्य संपेपर्यंत बघत राहिले आणि मग उठले. सदऱ्याची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला.

"बूट कुठे आहेत?"

"कुठे निघालात अहो?"

"तिच्या आईला कळवायला हवं. नवी पोरं कच खातात. मीच जातो."

ते बाहेरच्या दारापाशी गेले. दाराला आतून कुलूप असे. ते एकटे बाहेर पडायला लागल्यापासून आईनेच घातलं होतं. त्यांनी दोनदा कडी हलवून पाहिली आणि मागे वळले. समोर बायको उभी होती. तिला पाहताच त्यांचा चेहरा बदलला. इतका हळवा चेहरा इतक्या वर्षांच्या संसारात तिने पाहिला नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "आधी बसून घ्या."

"बाबा, ही आई आहे," म्हणत मुलगी पुढे झाली. आईने तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि स्वतः खुर्चीत बसली.

ते तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. एरवी पलंगावरून उठायलाही त्यांना आधार लागे.

"तुमची मुलगी सापडली," ते म्हणाले. मग थांबले, तिच्या डोळ्यांकडे बघत. "ती आता नाही."

तिला मान हलवून विषय संपवता आला असता, चहाचं विचारता आलं असतं. ते दोन्ही हातांची ओंजळ मांडीवर धरून वाट बघत होते. शेवटी कुठल्याही आईने विचारलं असतं ते तिने विचारलं.

"तिला फार त्रास झाला का हो?"

"नाही. तिला काही कळलंसुद्धा नाही. मी स्वतः पाहिलंय."

ते अडखळले नाहीत. सकाळी पोटच्या मुलीचं नाव त्यांच्या ओठांवर येता येईना, पण हे वाक्य कसं जिभेवर तयार होतं. किती घरांत, किती बायकांपुढे असं जमिनीवर बसून ते हे बोलले असतील. आणि त्यानंतर घरी आले असतील. तोंडाला कुलूप लावून काय येता रोज, भिंतींशी बोलू का मी, असं ती म्हणत असे. त्यावर ते हात धुऊन पाटावर बसत आणि म्हणत, भूक लागलीय, वाढ.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. सिनेमा पुढे चालला होता. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"रडा," ते म्हणाले. "तुमचं कोणी येईपर्यंत मी इथेच आहे."

"उशीर होईल तुम्हाला," ती म्हणाली. "घरी वाट बघत असतील."

"बघते ना. जेवायची थांबते." ते किंचित हसले. "रोज विचारते, आज काय झालं म्हणून. मी सांगत नाही."

"का नाही सांगत?"

त्यांनी जरा विचार केला.

"एक तरी दार असावं ना ताई," ते म्हणाले, "जिथे मी नुसता जेवायला जातो."